साडूंचे किडे

रायपूर राजधानी झालं आणि ज्याला त्याला प्लॉटचं वेड लागलं, तेव्हा अख्ख्या शहरात किड्यांच्या मागे लागलेला एकच माणूस होता आणि तो नेमका माझा थोरला साडू होता. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले आमचे भाऊजी गळावर दोरा आणि कोंबड्याचं पीस गुंडाळून किडे बनवायचे. माशांना भुलवायला असे किडे वापरतात हे नोकरीत असताना त्यांना एका शौकीन साहेबानं दाखवलं होतं. साहेब बदलून गेले, वेड भाऊजींकडे राहिलं. त्यातही उडणारा चतुर त्यांना नको असे. त्याचं पंख फुटण्याआधीचं, पाण्याच्या तळाशी रांगणारं मातकट पिल्लू हवं. गोल बाजारात दोरा घ्यायला गेले की "भैया, थोडा कीचड़वाला भूरा दिखाओ" म्हणत अर्धं दुकान खाली उतरवायचे. नमुना समोर हवा म्हणून तलावातली दोन जिवंत पिल्लं त्यांनी कूलरच्या टाकीत सोडली होती, आणि त्यांना त्रास नको म्हणून ऐन मे महिन्यात कूलर बंद. आमची पोट्टी लहान असताना यांनी इतकं कधी जपलं नाही, अशी मेहुणीची पदरानं वारा घेत तक्रार चालायची. एकदा चहाच्या ट्रेवरचा त्यांनी बांधलेला किडा मी खरा वाटून चपलेनं चेचला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण भेटेल त्याला ही गोष्ट अभिमानानं सांगत सुटले.

गंमत म्हणजे मासे त्यांनी कधी धरलेच नाहीत. गळाचं टोक ते कानशीनं घासून बोथट करत. कारण विचारलं तर म्हणाले, "मले मासा काहून पाह्यजे? त्यानं खरा समजून तोंडात धरला पाह्यजे, बस."

मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नजर जायच्या आत एका तरी माशानं आपला किडा खरा मानावा, एवढीच त्यांची इच्छा उरली. त्यांनी तीन महिने एकच किडा बांधला, आधी भिंगातून, नंतर बोटांनी चाचपत. आम्ही खारून नदीवर गेलो तोवर त्यांना पाणी नुसतं उजळ दिसत होतं.

सकाळभर काही झालं नाही. मी घरी चला म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या हातातली काठी वाकली, दोनदा थरथरली आणि सैल पडली.

"धरला नं त्यानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हव, भाऊजी. धरला."

"कसा होता, सांग नं."

मी मासा पाहिलाच नव्हता. काठी वाकल्यापासून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. या माणसाला मी इतकी वर्षं हसलो याचं मला फार वाईट वाटलं. चंदेरी होता, हातभर, पंख लालसर, किडा पार गिळायलाच निघाला होता, असं मी सुचेल तसं सांगत गेलो, आणि ते पाण्याकडे तोंड करून ऐकत राहिले.