दोन डझन गुलाब

गणपतीत स्टेजची जबाबदारी दरवर्षी माझ्याकडे असते, हे माझ्या बल्गेरियन मैत्रिणीला माहीत होतं. आम्ही एकाच टीममध्ये आहोत, टेक्सासमधल्या प्लेनोत एकाच रस्त्यावर राहतो आणि ऑफिसला एकाच गाडीतून जातो. गाडीतच तिनं विचारलं, "आमच्या कवीचा दिवस आलाय. बाबांच्या ऑपरेशनच्या धावपळीत मला काही सुचत नाहीये. तू बघशील?"

हा कवी त्यांचा क्रांतिकारक. तुर्की सत्तेविरुद्ध लढताना, तिशी गाठायच्या आत, डोंगरात गोळी लागून गेला. जूनच्या सुरुवातीला त्यांच्या देशात भर दुपारी भोंगे वाजतात आणि माणसं रस्त्यात जिथल्या तिथे उभी राहतात. इथली बल्गेरियन मंडळी भोंगा फोनवर लावतात आणि त्याची कविता मैत्रिणीचे वडील म्हणतात. त्यांना मी आजोबाच म्हणते; ते तिकडे शाळेत शिकवायचे. यंदा समारंभ रविवारी होता आणि सोमवारी सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. या वयात ते कितपत झेपेल, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती.

मी नेहमीसारखी यादी केली. खुर्च्या, माइक, पाणी, कवीचा फोटो, फुलं. शेवटी आजोबांचा सत्कार मीच घातला. ज्येष्ठ माणसाच्या हातात पुष्पगुच्छ दिल्याशिवाय आपला कार्यक्रम संपतो कुठे? शिवाय दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्यांना बरं वाटेल. मैत्रिणीला सरप्राइज द्यायचं म्हणून तिलाही सांगितलं नाही.

शनिवारी दोन डझन लाल गुलाब आणले. आजोबांचा डझन दुकानाच्या कागदात छान बांधलेला होता, तो तसाच ठेवला. फोटोसाठी मात्र दुसऱ्या डझनातलं एक फूल काढून अकरा बांधली. फोटोपुढे आपण अकरा, एकवीस अशीच फुलं वाहतो, बारा नाही.

रविवारी भोंगा वाजला, सगळे उभे राहिले. आजोबांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, कागद न घेता कविता म्हटली. मग मी पुढे झाले, पुष्पगुच्छ त्यांच्या हातात दिला आणि टाळ्या सुरू केल्या. माझ्या टाळ्या एकट्याच वाजल्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी बोटानं फुलं मोजत होती.

मैत्रीण माझ्याजवळ आली. "किती फुलं आहेत?"

"डझन."

"आणि फोटोपुढे?"

"अकरा."

तिनं डोळे मिटले. "जोडीत बसणारी फुलं आमच्याकडे मेलेल्यांना देतात. जिवंत माणसाला कायम विषम."

"मला सांगायचं नाहीस का?"

"सत्कार ठेवलायस हे तू सांगितलंस?"

तोवर आजोबांनीही फुलं मोजली होती. ते इंग्रजीत म्हणाले, "कवीला वाटलं असेल, हा म्हातारा रांग मोडून पुढे येतोय." त्यांनी आपल्या गुच्छातला एक गुलाब ओढून काढला आणि फोटोपुढे ठेवला. "त्याची बारा, माझी अकरा. झालं, मुली. दोघंही आपापल्या जागी."

थोडे लोक हसले. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

खुर्च्या आवरताना मैत्रीण म्हणाली, "मी असलं काही मानत नाही. पण आज नको होतं."

"मीही मानत नाही," मी म्हटलं. उरलेल्या खुर्च्या आम्ही मिटून भिंतीला लावल्या.

घरी नवरा म्हणाला, "फुलांनी कुणाचं हार्ट बंद पडत नाही यार."

"मग लग्नाच्या पाकिटात वरचा एक डॉलर कशाला शोधत बसतोस?"



सोमवारी ऑपरेशन सांगितल्यापेक्षा लांबलं. संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज आला: झालं, पण अजून शुद्धीवर नाहीत. मी दुकानातून डझन गुलाब घेतले आणि काउंटरवरच एक काढून कॅशियरसमोर ठेवला. "याचेही पैसे दिलेत तुम्ही," ती म्हणाली. "तुला ठेव," मी म्हटलं. पार्किंगमध्ये पुन्हा मोजले.

आयसीयूच्या दारातच नर्सनं अडवलं. आत फुलं चालत नाहीत. हे इतकं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मैत्रीण बाहेर आली. ती माझ्याकडे न बघता गुलाबांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर म्हणाली, "घरी ठेव. बाबांना खोलीत हलवलं की आण."

मंगळवारी सकाळपर्यंत काही कळलं नव्हतं. फुलदाणीतल्या एका गुलाबानं मान टाकली होती. कोमेजलेलं फूल मी कधी ठेवत नाही, दिसलं की काढते. हात तिथवर गेलाही.

मग त्याचा देठ उचलून बाकीच्या दहांना टेकवून उभा केला, आणि फोन समोर ठेवून बसले.