तीन इंची पाइप आणि हमीदाचाचीची गिरणी

आमच्या दुकानात दोनच गोष्टी साठत जातात: गंजलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून असे सांगत बसावे लागतात!

दुकान जालन्यात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडच्या गल्लीत. एरवी आम्ही विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. पावसाळ्यात मात्र कुणाच्या घरात, तळघरात, गोडाऊनमध्ये पाणी शिरलं की फोन येतो आणि आम्ही तिघं डिझेल पंप टेम्पोत टाकून निघतो. मी दिलीप, दुकान माझं, म्हणून लोकांच्या शिव्याही माझ्या. दुसरे सलीमभाई, मेकॅनिक. पंपाशी ते जितक्या प्रेमानं बोलतात, तितकं घरी बोलत नसतील. तिसरे कचरूमामा, अंबडकडचे. तीन इंची पाइप ओढणं, अंथरणं, गुंडाळणं हे त्यांचं खातं. पाणी हटेना की मामांचं एकच निदान ठरलेलं: “खाली झरा हाय.” तिसऱ्या मजल्यावर गळती असली तरी खाली झरा!

इतकी वर्षं हे काम करतोय, पण पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि ते नक्की कुणाचं, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दुकानामागच्या हमीदाचाचीच्या पिठाच्या गिरणीनं. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली ती गिरणी. चाचा गेल्यापासून चाची एकटीच चालवते. दर पावसाळ्यात आम्ही तिथलं पाणी काढायचो आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा घोटाभर व्हायचं. पुण्यातला मुलगा म्हणायचा, कुलूप लाव आणि माझ्याकडे ये. चाचीला गल्ली सोडायची नव्हती. दर वेळी ती विचारायची, “दिलीप, इस साल सूखेगी ना?” मी मान हलवायचो. माझं मलाच माहीत नसायचं.

*

एका नव्या कॉलनीत शाळेतल्या एका सरांच्या घरी, हॉलमध्ये गुडघाभर पाणी. आम्ही पंप चालू केला, पाइप रस्त्यावर सोडला. तेवढ्यात सरांच्या मिसेस ओरडत बाहेर आल्या.

“अहो, फेकता काय! नळाला पाणी येऊन नऊ दिवस झाले!”

मग बादल्या भरल्या, पातेली भरली, कूलर भरला. मिसेस म्हणाल्या, “आता गच्चीवरची टाकी भरा.”

सलीमभाई म्हणाले, “मॅडम, गढूळ आहे.”

“तुरटी फिरवते!”

पाइप गच्चीवर नेला. एक तास पंप धडधडतोय आणि हॉलमधलं पाणी बोटभरही उतरेना. मी पंप तपासला, बराबर. पाइप तपासला, बराबर. मामा म्हणाले, “खाली झरा हाय.” सर बिचारे सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले, ते एकदम घाबरले.

शेवटी सलीमभाई गच्चीवर जाऊन आले. टाकी केव्हाच भरली होती. वरून वाहणारं पाणी मागच्या मोरीत पडत होतं, मोरी तुंबलेली होती आणि तिथून ते निवांतपणे हॉलमध्ये येत होतं.

“दिलीपभाऊ,” सलीमभाई म्हणाले, “हे पाणी मला तिसऱ्यांदा भेटून राह्यलं.”

*

मोंढ्याजवळ दोन सख्ख्या भावांची कापडाची दुकानं आहेत, भिंतीला भिंत लागून. वडलांचं एकच दुकान होतं. वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली. भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. वरती भिंत पक्की, पण तळघरातली कच्ची राहिली होती.

पाणी दोघांच्याही तळघरात शिरलं. मोठ्यानं आम्हाला बोलावलं. अर्ध्या तासात पाणी चांगलं उतरलं. मोठा खुशीत खाली आला, भिंतीपाशी वाकला आणि त्याचा चेहराच बदलला. भिंतीच्या फटींतून पलीकडचं पाणी इकडे येत होतं.

“बंद करा पंप! माझ्या पंपानं त्याचं पाणी निघून राह्यलं!”

“पण मालक, तुमचंही निघतंय ना?”

“त्याचं का म्हणून काढू मी?”

पंप बंद झाला. हे ऐकून धाकटा रस्त्यावर येऊन उभा राहिला, पण त्यानंही कुणाला बोलावलं नाही, कारण त्याच्या पंपानं मोठ्याचं निघालं असतं! दोघंही आपापल्या गादीवर बसून दुसऱ्याची वाट बघत राहिले. खाली साड्यांची बंडलं भिजत होती. मी दोघांच्या तोंडाकडे बघत होतो आणि बाजू कुणाची घ्यावी हेच कळत नव्हतं.

दुपारी कचरूमामांचा धीर सुटला. ते मधल्या पायरीवर उभे राहून दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मालक, वाटणीचा कागुद आणा बरं. पाणी कुणाकडं लिव्हलंय ते बघू.”

धाकटा हसला. मग मोठ्यालाही हसू आवरेना. पंप चालू करा म्हणून कोण बोललं ते मला आठवत नाही, पण पंप चालू झाला.

*

मंठा गावचा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

फोन आला: घराच्या पायासाठी खड्डा खणलाय, पाण्यानं भरलाय, उपसून द्या. पत्ता म्हणजे काय, तर “लिंबाच्या झाडापुढचा प्लॉट.” गेलो. झाड दिसलं, खड्डा दिसला, पाणी दिसलं. मालक नव्हता. दीड तासात खड्डा कोरडा ठणठणीत केला. सलीमभाई चहा सांगायला निघाले, तेवढ्यात एक कंत्राटदार मोटरसायकल टाकून पळत आला.

“कुणी काढलं पाणी? स्लॅबवर मारायला टँकर मागवून भरलं होतं मी!”

लिंबाची झाडं दोन होती. ज्यानं फोन केला होता, तो दुसऱ्या झाडाखाली छत्री घेऊन सकाळपासून आमची वाट बघत उभा होता.

सलीमभाईंनी शांतपणे दोन्ही खड्ड्यांच्या मधे पाइप अंथरला, एक टोक ह्या खड्ड्यात, एक त्या. दुपारी एकाचा खड्डा रिकामा झाला, दुसऱ्याचा भरला. दोघांनीही आमचे आभार मानले. परतीच्या रस्त्यावर मी विचार करत होतो की आपण नक्की काय काम केलं.

*

एका किराणा दुकानात पाणी शिरलं होतं. ते काढून झालं. दुसऱ्या दिवशी विम्याचे साहेब पाहणीला आले, तेव्हा आम्ही पाइप गुंडाळत होतो. साहेबांनी टेप काढला.

“पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवरची खूण दाखवा.”

खूण नव्हती! कचरूमामांना काम अर्धवट टाकायची सवय नाही. त्यांनी आदल्या दिवशी चारी भिंती ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवल्या होत्या. दुकानदारानं छातीवर हात ठेवला. “इथपर्यंत, साहेब.”

साहेबांनी मामांना विचारलं. मामांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी गुडघ्याला हात लावला. दुकानदारानं डोळे वटारले. मामा गडबडले.

“म्हंजे उभं राह्यलं तर गुडघ्याला, साहेब. खाली बसलं तर छातीला.”

साहेब पेन उघडून तसेच उभे. त्यांनी मला हळूच विचारलं, “मी काय लिहू? बसून की उभं राहून?”

*

राजूरला गणपतीच्या देवळापाशी चतुर्थीच्या दिवशी जोराचा पाऊस झाला. एका नारळ-प्रसादाच्या दुकानाला लागून खोलगट जागेत भाविकांच्या चपला ठेवतात. तिथं पाणी भरलं आणि सगळ्या चपला तरंगायला लागल्या. पंप लावला की एक चप्पल येऊन पाइपाच्या तोंडच्या जाळीला चिकटायची. सलीमभाई पंप बंद करायचे, ती काढायचे, पुन्हा चालू. असं करत पाणी गेलं आणि मधोमध चपलांचा ढीग राहिला.

दर्शन झालेली माणसं येत होती. कुणाला एक सापडे, कुणाला एकही नाही. सलीमभाई खाली बसून जोड्या लावून देत होते. एक म्हातारबाबा मात्र दोन डाव्या घालून निघाले.

सलीमभाई म्हणाले, “बाबा, दोन्ही डाव्या आहेत.”

“असू द्या. गेल्या चतुर्थीला दोन उजव्या घेऊन गेल्तो.”

*

आता चाचीची गिरणी.

परवाच्या पावसाळ्यात तिथं मांडीभर पाणी झालं. मुलगा पुण्याहून आला, टेम्पो घेऊनच. त्यानं हमाल लावून चक्की आधी टेम्पोत चढवली. वरच्या ओट्यावर गल्लीतल्या लोकांचे दळणाचे डबे ओळीनं ठेवले होते. झाकण बघून चाची सांगते कुणाचा डबा ते. ती त्या डब्यांपाशी बसून राहिली होती. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हातात नवं कुलूप होतं आणि तोही कुलपाकडे बघत नव्हता.

“अम्मी, आज सूखी तो रहो. नहीं सूखी तो चलो. इस बार पक्का.”

चाची म्हणाली, “हौ. पक्का.” मग सलीमभाईंना म्हणाली, “सलीम, शाम तक सुखा दे. इतनाच मांगती.”

सकाळी आठला एक पंप लावला, दहाला दुसरा. दुपारपर्यंत पाणी घोट्यावर आलं आणि तिथंच थांबलं. दोन पंप ओढतायत, बाहेर पाऊस थांबलाय, रस्ता वाळायला लागलाय आणि घोटाभर पाणी तसंच. गटारातून उलटं येतंय म्हणावं, तर गटाराचं तोंड आम्ही पोती भरून बंद केलेलं. सलीमभाई पहिल्यांदाच पंपावर चिडले.

मामा म्हणाले, “खाली झरा...”

“मामा, गप बसा!” मी ओरडलो. मला राग माझाच आला होता.

मामा पाण्यातून चालत कोपऱ्यात गेले, जिथं चक्की असायची. तिथं उभे राहिले, अंगठ्यानं फरशी चाचपली.

“दिलीप, इथं पाय गार लागून राह्यलेत. आन् पाणी बघ.”

बाकी सगळीकडे गढूळ होतं. मामांच्या पायाशी पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. सलीमभाईंनी पहार आणली. फरशी उचलली, तर खाली विटांचं गोल बांधकाम आणि काठोकाठ पाणी. आड होता!

चाची पायऱ्या उतरून आली. वाकून आत बघितलं. “ये तो सूखा था,” ती म्हणाली. “गल्ली में नल आया, तब ससुरजी ने बंद करवाया. सूखाच था.”

म्हणजे इतके पावसाळे आम्ही विहीर उपसत होतो. एका दुपारी ती कोरडी होणार होती थोडीच! मुलगा पायरीवरून म्हणाला, “देखा अम्मी? ये कभी नहीं सूखनेवाली.” त्यानं कुलूप उघडून चावी काढून घेतली. सलीमभाईंनी मान खाली घातली आणि दोन्ही पंप बंद केले. गिरणीत एकदम शांत झालं.

त्या शांततेत बाहेर भांडी वाजली. आम्ही वर येऊन पाहिलं. दुपारपासून आमच्या पाइपातून गल्लीत पाणी पडत होतं, फरशी उचलल्यापासून तर स्वच्छच, आणि नळाला पाणी येऊन कितवा दिवस होता देव जाणे. ओट्यापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत हंड्या-कळशांची रांग लागली होती.

पहिल्या नंबरवरची बाई म्हणाली, “चाची, उद्या किती वाजता सोडणार?”

चाची परत खाली गेली. ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं.

मामा म्हणाले, “चाची, तपासून घ्या आधी, मंग प्या.”

चाचीनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती वर आली आणि मुलासमोर हात पुढे केला. त्यानं गोंधळून कुलूप तिच्या हातात ठेवलं.

“कुएँ पे जाली बनानी है. उसको लगेगा,” ती म्हणाली. “चक्की उतार. ऊपर ओटे पे रख. फिर टेम्पो लेके जा, मोंढे से टाकी ला. बड़ी ला.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी सलीमभाईंकडे.

“और तुम लोगां!” चाची आमच्यावर ओरडली. “पंप बंद करो बोलके किसने बोला?”