सुलभाबाईंचे उंदीर

सुलभाबाई बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळत असे. मला नीटसं लिहिता येत नाही, पण बाईंबद्दल कुणी लिहिलेलं पाहिलं नाही, म्हणून हे.

बाई नर उंदरांचं बीज, म्हणजे शुक्रजंतू, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. लोक हसत, बाईमाणूस आणि हा अभ्यास! बाई म्हणत, "हसू द्या. शेतात उंदीर किती वाढणार, ते यातूनच कळायचं आहे."

उंदीर आणून देई उंद्री गावचा शेतकरी कडूबा. एकदा पिंजरा ठेवून तो म्हणाला, "बाई, पुढच्या हप्त्यात येणं नाही होत. डोणगावले पोरगी पाहाले जातो. आमच्या इंद्रभानसाठी दुसरी. सुनेले लेकरूच नाही."

"इंद्रभानला तपासलं का?"

"त्याले काऊन? पोरगा पहिलवान आहे माहा!"

बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्या काचेवर विळ्यासारखी वाकडी डोकी, लांब सरळ शेपट्या. दुसरीवर दुसऱ्या उंदराचं बीज: डोकी बेढब, शेपट्या गुंडाळलेल्या.

"हा दुसरा उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट होता, कडूबाभाऊ. त्याच्याजवळ माद्या ठेवल्या, एकीलाही पिल्लू झालं नाही. त्याच माद्या पहिल्याजवळ ठेवल्या, तर पिंजरा पुरेना. उंदरावरून माणसाचं मी सांगणार नाही. पण आधी तपासा."

कडूबा बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "पेराच्या आधी आम्ही ज्वारीचे दाणे ओल्या पोत्यात बांधून पाहतो. उगवले नाही तं वावराले बोल नाही लावत." आणि उठताना, "झुंबरबाई आता मले घरात घेत नाही!"

झुंबरबाई त्याची बायको. सोयरीक तिनेच जमवली होती. तरी कडूबाने डोणगावचं जाणं रद्द केलं आणि मुलाला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं.

दिवाळीनंतर तो आला. "दोष पोरातच निघाला, बाई. डॉक्टर औषध देऊन राह्यला. सोयरीक मोडली. झुंबरबाई आता देवालेच शिव्या देते."

"आणि सुनेला कुणी सांगितलं?"

"तिले काय सांगाचं? सवत येत नाही, हे दिसतेच तिले."

"दोष तिचा नव्हता, हे कुणी सांगितलं?"

कडूबा टोपी काढून डोकं खाजवू लागला.

बाईंनी हात धुतले. मला म्हणाल्या, "पिंजऱ्यांत पाणी ठेवा." मग पदर खोचून कडूबाला, "चला. उंद्रीची मोटार कुठून सुटते?"