रंजना मांजरीत होती

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बौद्ध घरात वाढलो; अंगारे-धुपारे आमच्याकडे कधी चालले नाहीत. तरी हे लिहितोय... दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

माझी बायको रंजना आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची. दिल्लीचं बहाई उपासना मंदिर – ते संगमरवरी कमळ – तिचा लाडका विषय. सत्तावीस पाकळ्या, नऊ बाजू, नऊ दारं. आत मूर्ती नाही, पुजारी नाही, प्रवचन नाही. ती म्हणायची, "कुठल्याही धर्माचे असा, कुठल्याही दारानं या, बसायचं एकाच छताखाली. गप्प." स्वतः मात्र कधी गेली नाही. आधी नोकरी, मग कॅन्सर.

शेवटचे दिवस तिने पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटमध्येच काढले. मुलगी अस्मिता हिंजवडीत नोकरीला. ऑफिसच्या कामासाठी तिला दोन दिवस दिल्लीला जायचं होतं. ती नको म्हणत होती. रंजनानेच पाठवलं – "जा, मी कुठे पळतेय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी रंजनाच्या ओठांना पाणी लावत होतो. डोळे मिटूनच ती म्हणाली, "अहो, हळू. इथे बोलत नाहीत."

"कुठे?"

"आत... अस्मी बसलीये बाकावर. रडतीये." जरा थांबून म्हणाली, "त्या आजोबांची काठी पडली. किती वेळ घुमतोय आवाज..."

मला वाटलं, औषधाची गुंगी. वीस मिनिटांनी ती गेली.

अस्मिताचा फोन बंद. लागला तो तासाभराने. मिळेल त्या विमानाने ती संध्याकाळी पोचली.

"मीटिंग रद्द झाली, बाबा. म्हणून लोटस टेंपलला गेले. आईला आल्यावर सांगणार होते. आत फोन बंद ठेवावा लागतो हो..."

मी विचारलं, "तिथे कुणाची काठी पडली होती का?"

ती बघतच राहिली. "एका म्हाताऱ्या सरदारजींची. तुम्हाला कसं कळलं?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर नंतर म्हणाले, योगायोग असेल. असेलही. पण अस्मिता तिथे गेलीये हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी अस्मिता आईच्या पलंगावर जाऊन बसली. मग म्हणाली, "मी रडत होते, हे पण आई म्हणाली?"

"हो."

"मग ती माझ्याजवळ बसली होती का?"

ते मी विचारलंच नव्हतं. गुंगी समजून मी फक्त तिचे ओठ पुसले होते.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. अस्मिता अजूनही मधूनच तोच प्रश्न विचारते.