घरची वेबसाइट

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या गावची वेबसाइट कोणी हॅक केली नव्हती. ती माझ्या हातानं गेली.

वडनेर भोलजीला मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, सोबत थोडी शेती. बीटी कपाशीतही गुलाबी अळी निघू लागली तेव्हा धुऱ्यापलीकडच्या शेतातला माझा मुसलमान दोस्त म्हणाला, सगळ्यांच्या किडक्या बोंडांचे फोटो एका जागी ठेवू, नुकसानीच्या पंचनाम्याले कामी येतील. वेबसाइट मी बनवली. ती ठेवायची कुठं, यावरून आमचं वाजलं.

"कंपनीची भाड्याची जागा घे ना," तो म्हणाला. "तुह्या घरी लाइन तरी राह्यते का?"

"बियाणं दरसाल इकत, औषध इकत. आता फोटो ठेवाले बी भाडं?"

"हाव बे, तू मोठा सायंटिस!" तो हसला. पण ऐकलं माझंच.

खरं तर क्लास ओस पडला होता. लोकांनी माझ्या घरी यावं, माझं मशीन पाहावं, एवढंच मला हवं होतं.

जुना कॉम्प्युटर मधल्या खोलीत मांडला. लाइन गेली तर म्हणून इन्व्हर्टर, आणि त्याला माझ्याच ट्रॅक्टरची बॅटरी. फोटो येत गेले. दोस्ताचा फोन भरला, तेव्हा मीच म्हणालो, "उडव ते फोटो. माह्याजवळ आले ना."

पुढं हरभऱ्यासाठी रान मोकळं करायची घाई झाली. सगळ्यांनी कपाशीची पऱ्हाटी उपटली, त्यानंही. मला रोटाव्हेटर मारायचा होता. लाइन होती, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून ट्रॅक्टरला लावली. मी शेतात असताना लाइन गेली, आली, पुन्हा गेली. घरी येऊन पाहिलं तर हार्ड डिस्क नुसती टकटक करत होती. दुसरी प्रत मी काढलीच नव्हती.

हॅक झाली, असं मी सांगून टाकलं. दोस्तालाही.

पंचनाम्याला सरकारी माणसं आली तेव्हा त्याच्या वावरात हरभरा वर आला होता. फोटो मागितले. बाकीच्यांनी आपापल्या फोनमधले दाखवले, त्याचे मीच उडवायला लावले होते. "साहेब, वेबसाइट हॅक झाली," तो म्हणाला. जमलेले लोक खदखदून हसले.

"काऊन भाई, अमेरिकेले पायजे होत्या काय तुह्या अळ्या?"

"यानंच सांगतलं," म्हणत त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. साहेबानं त्याचं नुकसान धरलं नाही.

त्यानं पुन्हा कपाशी लावली नाही. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, आता नांदुऱ्याला दुकानात कामाला जातो. ईदला शीरखुर्मा पुढं ठेवताना अजून विचारतो, "मालूम पडलं का बे, कोणं केलं ते?"

मी नाही म्हणतो आणि वाटी संपवतो. थकलो आता.

त्याला, आणि त्याच्यादेखत त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांना, खरं काय ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे.