नागरिक, आत या

जेबेझ पँकोस्टला आपण ओळखत होतो, असं म्हणायला केलब फेनिमोर आजही कचरतो. फिलाडेल्फियाच्या धक्क्यालगत दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. केलबचं पिंपांचं, पँकोस्टचं पाट्या रंगवायचं. तरी तो मूळचा कुठला, बायको कशाने गेली, हे केलबने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. मुलाचं तेवढं ठाऊक होतं. ते १७९३च्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीलाच ठाऊक झालं.

इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला पँकोस्टचा पाय मोडला, तेव्हा मदतीला आलेल्या एका फ्रेंच तोफचीने त्याला पाठीवर घेऊन खंदकातून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून फ्रान्सबद्दल त्याच्या तोंडून वावगा शब्द निघत नसे. विधवा डॉर्कस टिलच्या खानावळीच्या पाटीवर त्यानेच फ्रान्सचा राजा रंगवला होता, गुलाबी गालांचा, निळ्या कोटातला. क्रांती करून फ्रेंचांनी त्याच राजाचं डोकं उडवल्याची बातमी आली, तेव्हा तो म्हणाला, मित्राच्या घरच्या भांडणात आपण पडू नये. शिडी लावून त्याने राजावर पांढरा रंग फासला, वर क्रांतिकारकांची लाल टोपी काढली आणि खाली अक्षरं घातली, ‘नागरिक, आत या.’

त्या वसंतात फ्रान्सचं पाहून सगळं शहरच एकमेकांना नागरिक म्हणू लागलं होतं. साहेब, बाईसाहेब हे राजाच्या घरचे शब्द म्हणून बाद झाले. डॉर्कसबाई दारातच अडवायच्या, “नागरिक पँकोस्ट, नागरिकांनी बूट पुसून आत यायचं असतं.” लोक हसत. पँकोस्ट मात्र हे हसण्यावारी नेत नसे. घरी मुलगा एसा “बाबा, मीठ द्या” म्हणाला तर मीठ मिळत नसे. “नागरिक, मीठ दे” म्हणावं लागे; आणि कुठला विचारलं, तर गावाचं नाव नाही, “नागरिक” एवढंच सांगायचं.

एप्रिलमध्ये सरकारचा जाहीरनामा लागला. फ्रान्स आणि इंग्लंडच्या युद्धात आपण कोणाच्याच बाजूचे नाही. जो आपल्या मनाने त्यात पडेल, त्याला सरकार पाठीशी घालणार नाही. पँकोस्टने तो वाचला आणि म्हणाला, मित्र दाराशी आला की घरात कोणी नाही म्हणून आतून सांगायचं, तसलं हे. थोड्याच दिवसांत एसा इंग्रज जहाजं पकडायला निघालेल्या एका फ्रेंच गलबतावर चढला. बापाने धक्क्यावरून टोपी हलवली.

जुलैत त्याच गलबतावरचा एक खलाशी बातमी घेऊन आला. गलबत इंग्रजांच्या हाती लागलं होतं. त्यांच्या अधिकाऱ्याने सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं, तू कुठला? ज्यांनी फिलाडेल्फिया, बॉस्टन अशी गावं सांगितली, त्यांना शिव्या देऊन मीठ नेणाऱ्या एका होडीत उतरवून सोडून दिलं. एसा म्हणाला, “नागरिक.” अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. इंग्रजी इतकी स्वच्छ, म्हणजे हा आपलाच फितूर, असं ठरवून त्यांनी त्याला बेड्या घातल्या. अशांना ते फाशी देतात.

खलाशाला वाटलं, पोरगा भेदरला असेल. पँकोस्टला तसं वाटलं नाही.

सोबतीला केलबला घेऊन तो सरकारी कचेरीत गेला. तिथला कारकून भला होता, त्याने बसायला खुर्ची दिली. “फ्रान्सशी मदतीचा तह झाला तो राजाशी,” तो म्हणाला, “आता राजाच नाही. तह जिवंत आहे की तोही गेला, हेच वर ठरत नाहीये. त्यात आपल्याकडे एकही लढाऊ जहाज नाही. तुमच्या मुलासाठी इंग्लंडला डिवचायचं कोणी?” फ्रेंच राजदूताच्या घरी पँकोस्टला मिठ्या मारल्या, दारू पाजली, एसाला शूर म्हटलं. पण इंग्रजांशी युद्ध चालू असताना त्यांना पत्र कसं लिहिणार? तुमच्या सरकारला मागू द्या, म्हणाले.

परतताना पँकोस्ट एकदाच बोलला.

“केलब, त्याने गावाचं नाव घेतलं असतं रे. घरात मीच घेऊ दिलं नाही.”



दुसऱ्या दिवशी पँकोस्ट पाटीवरची टोपी आणि अक्षरं खरवडू लागला. रंगाखालून राजाचा गुलाबी गाल वर आला. तो तसाच शिडीवर थांबून राहिला. डॉर्कसबाईंनी खालून हळूच विचारलं, आता काय काढणार? तो म्हणाला, काही नाही. मग त्याने सगळी पाटी तपकिरी रंगाने भरून टाकली.

एसाचं पुढे काहीच कळलं नाही. ऑगस्टमध्ये धक्क्यावर पिवळ्या तापाची साथ उतरली आणि पँकोस्टला घेऊन गेली. प्रेतं नेणारा गाडीवाला आला तेव्हा केलब तापाच्या भीतीने गावाबाहेर पळालेला होता.

त्याआधी, पाटी रंगवली त्या संध्याकाळी, केलब खानावळीत शिरत होता. पँकोस्ट पायरीवर बसून ब्रश धूत होता.

“एसाचं काही कळलं का रे?” केलबने विचारलं.

“नाही. जरा कडेने जा. पाटीचा रंग ओला आहे, टोपीवर ठिबकेल.”