वसुलीवाले आणि आमचा रविवार

जालन्यात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. रविवारी वर्ग बंद, पण दार उघडं, कारण त्या दिवशी तिथं आमची बैठक भरायची. आम्ही बसायचो लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायला, आणि साचत गेले किस्से! तक्रारींच्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या. किस्से मात्र अजून तसेच आहेत. आम्ही जुने तिघं भेटलो की एकजण सुरू करतो, दुसरा मध्येच तोडून आपला घुसवतो, आणि चहा दोनदा होतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे सगळंच हप्त्यावर मिळायला लागलं होतं. टीव्ही, फ्रीज, मोटारसायकल! हप्ते थकले की कंपन्या ते काम वसुलीच्या एजन्सीकडे सोपवून मोकळ्या व्हायच्या, आणि एजन्सीची माणसं दारात येऊन गल्ली गोळा करायची. घाबरलेल्या लोकांना फुकट सल्ला द्यायला आम्ही बसायचो. काझी वकील, बँकेतून रिटायर झालेले देवडे साहेब, आणि अर्ज टाइप करायला मी, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या बाई. देवडे साहेब प्रत्येकाला सांगायचे, "घेतलेलं फेडायचं." काझी वकील लगेच जोडायचे, "बिलकुल! पण शिव्या खाऊन न्हाई."

•

तीर्थपुरीच्या गंगूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा आवाजच फुटत नव्हता. टीव्हीचे तीन हप्ते थकले होते. दोन माणसं येऊन म्हणाली होती, पुढच्या खेपेला टीव्ही उचलून नेतो.

काझी वकील म्हणाले, "असा कसा उचलतील? कंपनीची चिठ्ठी मागा. ओळखपत्र मागा. ते हातात घ्या आन बराबर वाचा."

"मला वाचता येत न्हाई, साहेब."

"मंग वाचल्यासारखं करा!"

पुढच्या रविवारी बाई हसतच जिना चढल्या. "आल्ते दोघं! म्या म्हन्लं, कारड दाखवा. दिलं एकानं. म्या वरून पाह्यलं, खालून पाह्यलं, उलटं करून पाह्यलं. तवर सून आली मागून. सातवी शिकलीय ती. म्हन्ली, आत्याबाई, ह्यो तर एसटीचा पास हाय!"

"मग?"

"मंग म्या म्हन्लं, मुदत बघ गं. तर मुदत बी गेल्ती!"

काझी वकील खुर्चीत पुढं सरकले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हन्लं, माझा हप्ता थकलाय, तुमचं तिकीट थकलंय. बसा, पानी प्या!"

थकलेले हप्ते त्यांनी नंतर कंपनीच्या ऑफिसात स्वतः जाऊन भरले. टीव्ही घरातच राहिला.

•

केदारखेड्याच्या रामेश्वरनं जन्मात कर्ज घेतलं नव्हतं. तरी एजंट तीनदा येऊन गेला होता. "नाव तुमचंच आहे," एवढंच त्याचं म्हणणं.

देवडे साहेबांनी सांगितलं, "नुसत्या नावानं काही होत नाही. वडिलांचं नाव, पत्ता, सही दाखव म्हणावं."

रामेश्वरनं एक पाऊल पुढं टाकलं. एजंट चौथ्यांदा आला तेव्हा ह्यानं गावातले त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे सगळे पारावर आणून बसवले. सहा निघाले! थोरला काठी टेकत आला होता, धाकटा आईच्या कडेवर होता.

"घ्या," रामेश्वर म्हणाला, "ह्यातला तुमचा कोनता?"

एजंट कागद घेऊन एकेकाचं तोंड बघत गेला. शेवटी कडेवरच्या रामेश्वरपाशी आला. पोरानं त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि सोडेना!

पोराची आई म्हणाली, "साहेब, ह्याला कर्ज देऊ नका बरं. ह्यो घेतलेलं वापस देत न्हाई!"

•

जुन्या जालन्यातला कैलास शिंपी एकदम साधा माणूस. त्याच्या वडिलांनी पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढलं होतं. गिरणी विकून बरंचसं फेडलं, थोडं राहिलं, आणि वडील गेले. एजंट म्हणायला लागला, बापाचं कर्ज पोरानंच भरलं पाहिजे.

काझी वकिलांनी विचारलं, "तुम्ही सही केली होती?"

"न्हाई."

"जामीन राहिला होता?"

"न्हाई."

"मग वडिलांनी मागं जे ठेवलं असेल तेवढ्यापुरताच कंपनीचा हक्क. काय ठेवलंय?"

कैलास बोटांवर मोजायला लागला आणि पहिल्याच बोटावर थांबला. मग म्हणाला, "सायकल हाय."

आम्हाला हसू आलं, पण त्याला नाही आलं. "मंग ती देऊन टाकतो. वडलांच्या नावावर काही राह्यलेलं बरं वाटत न्हाई."

पुढच्या रविवारी खरंच सायकल जिना चढून वर आली. धुतलेली, पुसलेली, तेल दिलेली, वर नवीन घंटी! आम्ही एजंटला बोलावून घेतलं होतं. तो सायकलीभोवती दोनदा फिरला. घंटी वाजवून बघितली. आतापर्यंत लोकांच्या हातातून वस्तू ओढायची सवय. कुणी अशी पुसून आणून दिलेली त्यानं पहिल्यांदाच बघितली असावी. खाली जाऊन बूथवरून साहेबांना फोन करून आला आणि म्हणाला, "ठेवून घ्या. साहेब म्हणाले, प्रकरण बंद."

"लेखी द्या!" कैलास म्हणाला. एवढं आम्ही शिकवलं होतं.

एजंटनं तिथंच लिहून दिलं. मग घुटमळला. "भाऊ, स्टँडकडं चाल्लाव का?"

खिडकीतून आम्ही तिघांनी बघितलं. कैलास पायडल मारतोय आणि मागं कॅरिअरवर वसुलीवाला!

•

सरकारी दवाखान्यातल्या वंदना सिस्टरकडे फोन नव्हता. कर्जाच्या अर्जावर त्यांनी शेजारच्या मालतीकाकूंचा नंबर दिला होता. तेव्हा पुष्कळजण तसंच करायचे. हप्ता चुकला तसा एजन्सीचा फोन रोज मालतीकाकूंकडे! बरं, निरोप देऊन ठेवावा की नाही? छे! वंदनाचं कर्ज किती, हप्ते किती चुकले, सगळं काकूंना ऐकवायचे. वंदना सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. गल्लीतून जायची लाज वाटायची.

काझी वकील भडकले. "दुसऱ्याचं कर्ज शेजाऱ्याला सांगायचा ह्यांना काय हक? बाई, लिहा अर्ज!" मी लिहिला.

पण अर्ज पोचायच्या आधीच काकूंनी फोनवर त्या माणसाला धरलं. "अहो, तुम्ही मला रोज हिचं कर्ज काय सांगता? मला माझ्या नवऱ्याचं माहीत नाही!"

पलीकडचा माणूस फार तत्पर. म्हणाला, "नाव सांगा मॅडम."

काकूंनी सांगितलं.

"हां. त्यांचंबी आमच्याकडंच हाय. चार हप्ते."

पुढच्या रविवारी वंदना सिस्टर आणि मालतीकाकू एकाच रिक्षातून आल्या. काका मागून पायी!

•

आता माझाही किस्सा सांगून टाकते, नाहीतर देवडे साहेब सांगतील.

भावाच्या मोटारसायकलीला मी जामीन होते. त्याचे हप्ते थकले आणि एक दिवस एजंट थेट माझ्या घरी! शंभर माणसांना मी शिकवलं होतं, चिठ्ठी बघा, पावती घ्या. आणि माझ्या दारात माणूस उभा राहिल्यावर मी काय केलं? "या ना भाऊ, बसा," म्हटलं, चहा केला, दोन हप्त्यांचे पैसे दिले आणि दारापर्यंत पोचवून आले!

रविवारी सांगितलं तर काझी वकील उभेच राहिले. "बाई! पावती?"

"मागायला संकोच वाटला."

देवडे साहेबांनी एक कागद ओढला. त्यावर मोठ्या अक्षरात 'पावती' लिहून त्यांनी तो माझ्या टाइपरायटरवर चिकटवला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तोच एजंट! घामाघूम. खिशातून पावती काढून माझ्यापुढं ठेवली. "घ्या बाई. परवापासून जिवाला घोर हाय. सगळ्यांना पावती मागायला लावता आन तुम्हीच मागितली न्हाई. म्हन्लं, नक्की काहीतरी केस तयार करून राह्यल्या!"

•

आता जांब समर्थच्या सोनाआजींचा.

आजी देवळापाशी नारळ विकायच्या. पोरानं मोटारसायकल घेतली, आजींचा अंगठा घेतला आणि नोकरी शोधायला पुण्याला निघून गेला. गाडी गेली, पोरगा गेला, कर्ज आजींकडे राहिलं. वसुलीला लक्ष्मण नावाचा माणूस यायचा. चाळिशीचा, टक्कल पडलेला, आवाज दणदणीत. पहिल्याच दिवशी त्यानं देवळासमोर गिऱ्हाइकांच्या देखत आजींना नको नको ते बोलून घेतलं.

आजी आमच्याकडे आल्या. देवडे साहेबांनी एजन्सीशी बोलून हप्ता लहान करून घेतला. काझी वकिलांनी आजींना चार गोष्टी पाठ करायला लावल्या. तो आला की नाव विचारायचं. चिठ्ठी बघायची. आवाज चढवला तर आम्हाला कळवायचं. पैसे दिले की पावती घ्यायची.

आजींनी नाव विचारलं. पण तिथं थांबतील तर त्या आजी कसल्या! गाव कोणतं, लेकरं किती, आई आहे का, सकाळी काय खाऊन निघालास! तीन-चार महिन्यांत लक्ष्मणचा आवाज खाली आला. पावती तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायला लागला. एकदा पत्रा उडाला तर वर चढून त्यानंच ठोकून दिला. महिन्याच्या पाच तारखेला तो यायचा आणि आजी त्या दिवशी पिठलं करून ठेवायच्या.

दीड वर्षानं शेवटचा हप्ता गेला. फिटल्याचा दाखला मिळाला. आम्ही पेढे वाटले.

दोन महिन्यांनी आजी पुन्हा हजर. तोंड उतरलेलं.

"काय झालं? पुन्हा पैसे मागितले का?" काझी वकिलांनी बाह्या सरसावल्या.

"न्हाई."

"मग?"

"लक्षुमन येत न्हाई."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. देवडे साहेब हळूच म्हणाले, "आजी, कर्ज फिटलं. आता तो कशाला येईल?"

"कर्ज फिटलं ते मला ठावं हाय. पन त्यानं सांगून तर जावं का न्हाई? दोन महिने पाच तारखेला म्या पिठलं करून बसले." आजींनी पदराची गाठ सोडून सगळ्या पावत्या टेबलावर ठेवल्या. "तक्रार लिवा."

मी काझी वकिलांकडे बघितलं. मला वाटलं, समजूत घालून पाठवतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, कागद लावा."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. अर्जदार नियमित हप्ते भरणाऱ्या असून, आपल्या प्रतिनिधीनं कोणतीही पूर्वसूचना न देता येणं बंद केलं आहे. खाली आजींचा अंगठा. पाकीट रजिस्टरनं गेलं.

तीन आठवड्यांनी एजन्सीचं उत्तर आलं. छापील कागद, फक्त नाव हातानं भरलेलं. आजी समोर बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं, "आपल्या पत्राची गंभीर दखल घेण्यात आली असून आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्या घरी येईल."

आजी म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"सकाळी येनार का दुपारी, ते लिवलंय का त्यात?"